मनोहरभाऊंचा ऑनलाइन आग्रह

नागपूर शहर आणि आसपासच्या समस्त जेवणाऱ्या जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बर्डीवरच्या उमाठे भोजनालयातून ऑनलाइन थाळी मागवल्यास, ती आणून देणारा माणूस जिना उतरून गेल्यावर आणि तुम्ही दुसऱ्या पोळीला हात घालता घालता, तुमचा फोन वाजेल. तो उचलावा. न उचलल्यास पुन्हा वाजेल. पलीकडून एक भरदार आवाज विचारील, "हं, अजून एक वाढू काय?" घाबरून जाऊ नये. पोळी फोनमधून बाहेर येत नाही. तो आवाज मनोहरभाऊ उमाठ्यांचा आहे. या सूचनेची कायदेशीर बाजू जरा नाजूक आहे. ती पुढे येईलच.

ही जाहीर सूचना देण्याचा अधिकार मला आहे. कारण माझं चष्म्यांचं दुकान भोजनालयाला अगदी चिकटून आहे. मधली भिंत इतकी पातळ की तिकडची फोडणी इकडे खोकायला लावते आणि "खालची ओळ वाचा" हे माझं वाक्य तिकडे जेवणाऱ्यांना ऐकू जातं. मनोहरभाऊ मला नावाने हाक मारत नाहीत. मी त्यांच्यासाठी 'चष्मेवाले'.

आता हा माणूस दिसतो कसा? भोजनालयाचा मालक म्हटला की डोळ्यांपुढे जो घेर येतो, तो पुसून टाका. मनोहरभाऊ काडीसारखे. गालफडं बसलेली. खांद्यावर पंचा, हातात पोळ्यांची चळत. नवीन गिऱ्हाइकाला वाटावं, याला आधी कोणीतरी जेवू घाला! पण तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच गर्जना होते, "या, या! संकोच तिकडं चपलेपाशी ठेवा अन् आत या!"

आणि मग सुरू होतो आग्रह. तुम्ही लग्नाच्या पंगतीत आग्रह पाहिला असेल. तो हौशी लोकांचा. मनोहरभाऊंचं हे शास्त्र आहे. ताटावर हात आडवा धरला म्हणजे माणसाला अर्धी हवी असते. मान हलवली म्हणजे एक. आणि जो ताटावर ओणवा होऊन "अहो खरंच नको" म्हणतो, तो घरून उपाशी निघालेला असतो, त्याला दोन. माझे मेहुणे पुण्याहून आले होते, ते नुसतं "बास" म्हणाले. मनोहरभाऊंनी चळत खाली ठेवून नम्रपणे विचारलं, "बास म्हणजे तुमच्याकडं अर्धी समजतात का पुरी?" मेहुण्यांनी उत्तर शोधेपर्यंत पोळी वाढून झाली होती. त्यांनी तक्रार केली तेव्हा मनोहरभाऊंनी ठेवणीतला सिद्धांत काढला: "पोट कोणाचं? तुमचं. पोळी कोणाची? माही. मंग पोट अन् पोळी पाहून घेतीन, तुम्ही मधात काहून बोलता?"

असा हा माणूस, आणि त्याच्यावर वेळ आली ती आग्रह करायला माणूसच न उरण्याची.

झालं असं की, आजूबाजूच्या हॉस्टेलांतली, भाड्याच्या खोल्यांतली पोट्टी खोलीतच जेवायला लागली. खाटेवर लोळायचं, बोट फिरवायचं, जेवण दारात. भोजनालयासमोरून पाठीवर चौकोनी पिशव्या लावलेल्या स्कूटर सुसाट जायच्या आणि मनोहरभाऊ दारात चळत घेऊन त्यांच्याकडे पाहत उभे. आत टेबलं रिकामी. शोभावहिनी, म्हणजे मनोहरभाऊंच्या सौभाग्यवती, पोळ्या लाटता लाटता आतून म्हणायच्या, "आता टेबल-खुर्च्यायले करा आग्रह. त्या बिचाऱ्या नाही म्हणत नाहीत."

शेवटी वहिनींनीच फर्मान काढलं, "चष्मेवाले, आमालेही त्या ॲपवर टाका."

मी उत्साहाने बाह्या सरसावल्या. या वयात माणसाला कोणी तंत्रज्ञानातलं काही विचारलं की किती आनंद होतो! थाळीचा फोटो काढायला बसलो. मी कोन साधेपर्यंत मनोहरभाऊ वाटीत डाळभाजी वाढत. "रिकामी दिसून राहिली." मी सरकलो की ते गोळाभातावर तेल सोडत. अखेर जो फोटो निघाला त्यात थाळीच्या वरून मनोहरभाऊंचा हात आडवा आलेला आणि हातात पोळी. तोच फोटो ॲपवर आहे. लोकांना वाटतं, कोणा मोठ्या जाहिरातवाल्याने डोकं लढवलंय.

मग माहिती भरणं.

"थाळीत पोळ्या किती?" मी विचारलं.

"पोट भरेपर्यंत."

"आकडा भरायचा आहे, भाऊ."

"मंग लिहा ना, जितक्या लागतीन तितक्या."

"आकडा!"

मनोहरभाऊंनी छताकडे पाहिलं. "चार लिहा. पन सांगून ठेवतो चष्मेवाले, हे पाप हाये. चार लिहिलं म्हणजे पाचवीच्या तोंडावर दार लावलं."

पहिली ऑर्डर आली तो प्रसंग मी जन्मात विसरणार नाही. फोनने असा काही टणत्कार केला की शोभावहिनींनी लाटणं टाकून देवापुढे दिवा लावला. मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर अर्धवट चष्मा ठेवून धावत सुटलो. त्या गृहस्थाला एकाच काचेतून दिसत होतं, पण तोही धावला. बाजूचा झेरॉक्सवाला आला, समोरचा पानवाला आला. एक थाळी जायची होती, फक्त एक, आणि तिला निरोप द्यायला अर्धी गल्ली गोळा! थाळी न्यायला आलेले गजूभाऊ, चांगले चाळिशीतले सद्गृहस्थ, एवढी गर्दी पाहून हेल्मेट काढायचंच विसरले.

मनोहरभाऊंनी डबा त्यांच्या हाती दिला, पण सोडला नाही. "हे पाहा गजूभाऊ, डबा द्याचा अन् लगेच पाठ नाही फिरवाची. उलसं थांबाचं. त्यायनं झाकण काढलं, दोन घास खाल्ले, की ही वेगळी पोळी पुढं कराची. ते नाही म्हणतीन. तुम्ही म्हणाचं, माह्यासाठी एक."

"मनोहरभाऊ," गजूभाऊ म्हणाले, "मले पुढं मेडिकल चौकात आईस्क्रीम द्याचं हाये. थे पोळी खाईपर्यंत मी आईस्क्रीमची बासुंदी करू काय?"

मुद्दा बिनतोड होता. तेव्हा तोड निघाली ती अशी: प्रत्येक डब्यासोबत चांदीच्या कागदात गुंडाळलेली एक पोळी वेगळी जाऊ लागली. वर चिठ्ठी. 'ही आग्रहाची. नको म्हणाल तरी आहे.' गिऱ्हाइकं खूश. पण मनोहरभाऊ बेचैन. "चिठ्ठीत आवाज कुठून आणू गा?"

आणि मग त्यांना शोध लागला की भाजीचं तिखट कमी-जास्त विचारायला, रस्ता विचारायला कंपनीने हॉटेलवाल्यांना गिऱ्हाइकाशी फोनवर बोलायची सोय दिली आहे. बिचाऱ्या कंपनीला काय ठाऊक, आपण कोणाच्या हातात काय दिलंय! मनोहरभाऊ तिखट विचारायला फोन करत आणि बोलता बोलता समोरच्याचा स्वतःचा नंबर, गाव, घरी कोण कोण, सगळं काढून घेत. मग फोनच्या नकाशावर ती इवलीशी स्कूटर सरकताना बघत बसत. स्कूटर थांबली की म्हणत, "आता हात धुऊन राहिले असतीन… आता झाकण… आता पहिली पोळी…" आणि नेमका फोन लावत.

भिंतीपलीकडून मी ऐकत असे. माझ्या दुकानात त्या काळात कोणाचा नंबर बरोबर निघाला असेल तर ते त्याचं नशीब.

"ताई, डाएट करून राहिल्या काय? करा ना, कोण नाही म्हणते! उद्यापासून करा. आजपासून सुरू केलेलं डाएट टिकलेलं पाह्यलं काय कोणाचं?"

"मीटिंगमधी हायेत? मंग साहेबायले पन द्या अर्धी. मीटिंग लवकर सुटन."

"जावईबापू वांगं खात नाहीत? द्या फोन त्यायले… जावईबापू, राम राम! मी उमाठे बोलतो. डोळे मिटा अन् एक घास खा. हां… आता काहून गप्प झाले?"

आणि नवल बघा, लोकांना आवडलं! ॲपवर अभिप्राय यायला लागले. मनोहरभाऊ मला चष्मा लावून ते मोठ्याने वाचायला लावत, भर दुकानात. 'मालक फोन करून मागे लागतो. आईची आठवण आली. पाच तारे.' 'दोन पोळ्यांवर उठणार होतो, पाचवर उठलो. आता उठवत नाही. पाच तारे.' एकाने मात्र एकच तारा दिला: 'जेवण उत्तम. शांतता नाही.' त्याला मनोहरभाऊंनी माझ्याकडून उत्तर लिहून घेतलं: 'आपण अर्धपोटी उठलात असे वाटते. या.'

धंदा असा फुगला की शोभावहिनींना पोळ्यांसाठी दोन बायका कामाला ठेवाव्या लागल्या. टेबलं रिकामीच होती, पण आता त्यांच्यावर डब्यांच्या रांगा असायच्या. आमच्या गल्लीत दुपारी स्कूटरवाल्यांची ही गर्दी!

या सगळ्या दिग्विजयात एकच किल्ला अभेद्य राहिला. तो वाडीला होता.

वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामाचे मॅनेजर होते, खोब्रागडे साहेब. गोदामामागच्याच भाड्याच्या खोलीत राहायचे. रोज दुपारी एक थाळी. रोज मनोहरभाऊंचा फोन.

"साहेब, पोळी वाढू काय?"

"नको."

खट्ट. फोन बंद.

दुसऱ्या दिवशी, "साहेब, उलसा भात?"

"नको." खट्ट.

"साहेब, आज पाटवडी केली हाये, रस्सा अजून…"

"नको."

मनोहरभाऊ थक्क झाले. उभ्या आयुष्यात त्यांनी ऐकलेला प्रत्येक 'नको' हा 'हो'चाच चुलतभाऊ निघाला होता. हा पहिला असा, ज्याला कुठूनही फट नाही. एकदा हरून त्यांनी विचारलं, "साहेब, जेवणात काही कमी-जास्त?" तर त्यालाही उत्तर, "नको!" त्या दिवशी मनोहरभाऊ माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चष्मेवाले, हा माणूस खरंच नको म्हणून राहिला की काय?" जणू कोणी सूर्य पश्चिमेला उगवताना पाहिला होता.

मी मिस्कीलपणे सुचवलं, की सोडून द्या. ते म्हणाले, "सोडून कसं द्याचं? फोन तर उचलते ना!"

आणि अशा ऐन भरात कंपनी आली.

कंपनी म्हणजे एक तरतरीत मुलगी. हातात टॅब, चेहरा गंभीर. "सर, तुमच्या फोन करण्याबद्दल तक्रार आली आहे. जेवण पोचल्यावर ग्राहकांना फोन करता येत नाही."

"कोणी केली तक्रार?"

"नाव सांगता येत नाही, सर."

"तुम्ही जेवल्या?"

"मी जेवून आलेय."

"जेवून आलेल्या माणसाले उलसं जास्त लागते. बसा!"

ती बसली. ती "सर, नियम…" म्हणेपर्यंत पहिली, "सर, खरंच…" म्हणेपर्यंत तिसरी. शोभावहिनींनी ठेचा आणून ठेवला आणि मुलीने पोळीचा तुकडा त्यात स्वतःहून बुडवला तेव्हा मी मनात म्हटलं, जिंकलो! पण नाही. हात धुतला, रुमालाला पुसला, टॅब उघडला आणि ती म्हणाली, "सर, असं जेवण मी नागपुरात जेवले नाही. पण अजून एक तक्रार आली, तर तुमचं भोजनालय ॲपवरून काढून टाकावं लागेल. कायमचं."

ती गेल्यावर मनोहरभाऊ कौतुकाने म्हणाले, "पोरगी पक्की हाये. पाचव्या पोळीवर पन कायद्यावरून हलली नाही."

पण शोभावहिनी हसल्या नाहीत. ॲपवरून नाव गेलं म्हणजे काय होणार, हे त्यांना पाठ होतं. पुन्हा त्या रिकाम्या खुर्च्या. त्या दोन बायकांना नको सांगायचं. या वयात भोजनालयाला कुलूप. त्यांनी मनोहरभाऊंचा फोन उचलला आणि सरळ कणकेच्या डब्यात टाकला. "ऑर्डर आली की मी काढीन. तुमचा हात त्याले लागला नाही पाह्यजे."

तेव्हापासून ऑर्डरचा टणत्कार कणकेतून दबून येऊ लागला आणि मनोहरभाऊ कोमेजले. चळत हातात, पण वाढणार कोणाला? साठलेला सगळा आग्रह माझ्यावर कोसळला. "चष्मेवाले, पोळी. चष्मेवाले, गोळाभात. चष्मेवाले, ही शेवटली." मी पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं. तरी त्यांचं समाधान नव्हतं. दुपार झाली की ते वहिनींच्या हातातल्या फोनच्या नकाशावर, लांबूनच, वाडीच्या दिशेने जाणारी स्कूटर पाहत. ती थांबली की पुटपुटत, "आता झाकण काढलं असन."

"त्याचं नाव काढू नका," वहिनी म्हणायच्या. "तक्रार त्या वाडीवाल्यानंच केली. दुसरं कोणी इतकं तोडून बोलते काय?"

मलाही तसंच वाटत होतं. एका दुपारी मी त्यांची थट्टा केली. म्हटलं, "मनोहरभाऊ, ज्यानं रोज झिडकारलं, त्याच्यासाठीच एवढं झुरणं? हे तर कॉलेजातल्या पोरांसारखं झालं."

एरवी त्यांनी मला सव्याज परत केलं असतं. त्या दिवशी ते पंच्याला हात पुसत राहिले.

"चष्मेवाले, तुमाले काय वाटते, मी पोळीचं विचाराले फोन करतो?"

"मग?"

"लोक नको म्हणतात ना, तवा त्यायच्या मागं काही ना काही वाजून राहते. टीव्ही असते. लेकरू रडते. सासू विचारते, कोनाचा फोन वं? मी थे ऐकतो. मागं आवाज आला की बरं वाटते, ठेवून देतो. ज्याच्या मागं काही नाही वाजत, त्याले दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतो."

"आणि खोब्रागडे साहेबांच्या मागं?"

"वाडीले, भर अमरावती रोडवर राहते थो माणूस. दिवसभर ट्रक चालू राहतात तिकडं." मनोहरभाऊंनी मान हलवली. "ट्रक पन नाही वाजत, चष्मेवाले. दारं-खिडक्या लावून जेवते."

एक बाई चष्मा न्यायला आल्या होत्या, त्यांना मी दुसऱ्याच कोणाचा दिला.

पुढच्याच दुपारची गोष्ट. भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज चढला आणि मी धावलो. मनोहरभाऊ कोपरापर्यंत कणकेच्या डब्यात. फोन त्यांनी बाहेर काढला होता आणि वहिनी समोर उभ्या होत्या.

"आवो, थोच तक्रारवाला असन तर? अजून एक तक्रार म्हणजे सगळं गेलं. ह्या दोघी कुठं जातीन?"

पोळ्या लाटणाऱ्या दोघींचे हात थांबले होते.

"मले समजते वं," मनोहरभाऊ म्हणाले. फोन हातात तसाच. लावत नव्हते आणि खालीही ठेवत नव्हते. तव्यावरची पोळी जळायला लागली, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. आग्रहाचा एवढा मोठा बादशहा, पण बायकोला आग्रह करायची त्याची हिंमत होईना.

वहिनींनी जळकी पोळी तव्यावरून काढून टाकली. मग त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला, पदराने कणीक पुसली आणि परत दिला.

"लावा. पन आवाज मोठा ठेवा. काय म्हणते थे मलेही ऐकू द्या."

मनोहरभाऊंनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. मी, वहिनी, त्या दोघी, डबा न्यायला आलेले गजूभाऊ, सगळे त्या पांढुरक्या फोनभोवती डोकी लावून उभे. पलीकडे फोन उचलला गेला.

"साहेब," मनोहरभाऊंचा भरदार आवाज कधी नव्हे तो चाचरला, "उमाठे भोजनालयातून बोलतो. पोळी… वाढू काय?"

पलीकडे काहीच नाही. टीव्ही नाही, लेकरू नाही. ट्रकही नाही. आता खट्ट होणार म्हणून वहिनींनी डोळे मिटले.

"इतके दिवस फोन काहून नाही केला?"

खोब्रागडे साहेबांच्या तोंडून एका शब्दाच्या वर काही निघू शकतं, हेच आम्हाला नवीन होतं. मनोहरभाऊ गडबडले. "साहेब… तुम्ही तर रोज नकोच म्हणत होते ना…"

"मंग!" पलीकडून खोब्रागडे साहेब ओरडलेच. "नको म्हणायले तरी मले दुसरं हाये कोण!"